विकायचे घर आणि डागडुजीचा हिशेब

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. घर पाहावे विकून, असे मात्र कोणी म्हटलेले नाही. कारण उघड आहे. आपल्यापैकी बहुतेकांवर तो प्रसंग जन्मात एखाद्याच वेळी येतो, पुष्कळांवर तर येतच नाही. आणि येतो तेव्हा मन ठिकाणावर नसते. वडीलधारी माणसे गेलेली असतात. एक मुलगा नागपूरला नोकरीवर, दुसरा भिलाईला, मुलगी बालाघाटला दिलेली. गोंदियाच्या जुन्या वस्तीतले घर कुलूप लावून पडलेले असते. दिवाळीला सगळे जमतात आणि ठरते की आता हे विकून टाकावे. लगेच एकजण म्हणतो, "असंच कसं विकायचं? आधी दुरुस्त करू, रंग देऊ, चार पैसे जास्त येतील." दुसरा म्हणतो, "उगाच कशाला? घेणारा पाडूनच टाकेल." गंमत अशी की दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते. मग खरे कोणाचे मानावे? आज आपण ह्याच प्रश्नाचा थोडा हिशेबी विचार करू.

हिशेब मांडण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपण घराकडे पाहतो ते त्यात राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांनी. ह्या खोलीत आजीची खाट होती, त्या ओसरीवर आपण पाढे पाठ केले. म्हणून पडकी भिंत उभी करावी, देवघराला फरशी लावावी, असे आपल्याला वाटते. घेणाऱ्याला ह्यातले काही दिसत नाही. तेव्हा "घर चांगले कसे दिसेल?" हा पहिला प्रश्न नव्हे. पहिला प्रश्न असा की, घेणारा माणूस नेमके काय विकत घेणार आहे? हे एकदा कळले की निम्मे उत्तर हाती येते.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर विकावयास निघणारी घरे ढोबळमानाने तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार गोंदिया, तिरोडा, आमगाव अशा ठिकाणच्या बाजारालगतच्या जुन्या घरांचा. माती-विटांच्या जाड भिंती, सागवानी खांब, वर कवेलू. असे घर घेणारा बहुधा घर घेतच नाही. तो जागा घेतो. रस्ता किती रुंद आहे, समोरची बाजू किती फूट आहे, खाली दुकाने आणि वर बिऱ्हाडे निघतील का, हे तो पाहतो. त्याच्या मनात तुमच्या भिंती पडलेल्याच असतात. अशा घराला नवा गिलावा करणे, स्वयंपाकघराचा ओटा बदलणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. उलट, त्या घरातले जे खरोखर किंमतीचे असते त्याकडे मालकाचे लक्षच नसते. ते म्हणजे जुने सागवान. खांब, तुळया, दारे आणि चौकटी उत्तम स्थितीत असतील तर त्यांची किंमत एखाद्या जाणत्या सुताराकडून आधी काढून घ्यावी आणि त्या सौद्यात धरल्या की नाहीत हे लिहून ठेवावे. नाहीतर जागेच्या भावात लाकूड फुकट जाते.

दुसरा प्रकार गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत उभ्या राहिलेल्या सिमेंटच्या स्लॅबच्या घरांचा. हे घर घेणारा पुष्कळदा नोकरदार असतो. शिक्षक, रेल्वेतला कर्मचारी, २०१६ साली गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून तिथे आलेला एखादा कर्मचारी. त्याला राहावयाचे असते आणि लवकर राहावयाचे असते. त्याची पुंजी आधी दिलेल्या रकमेत आणि रजिस्ट्रीच्या खर्चात संपलेली असते. दुरुस्तीसाठी त्याच्याजवळ रोख उरत नाही. इथे मात्र डागडुजीला अर्थ आहे. पण कोणत्या, ते पुढे पाहू.

तिसरा प्रकार खेड्यातल्या गावठाणातल्या घराचा. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव ह्या बाजूला असे घर घेणारा शेजारी तरी असतो, भाऊबंद तरी असतो. त्याला तुमचे घर तुमच्यापेक्षा अधिक ठाऊक असते. कोणत्या पावसात कोणती भिंत खचली, माकडांनी कुठले कवेलू फोडले, हे त्याने स्वतः पाहिलेले असते. चुन्याचा हात फिरवून त्याचे मत बदलत नाही. तो पाहतो अंगण, परसातली विहीर, गाडी आत येईल का, आणि हद्दीचा वाद आहे का.

आता हिशेबाकडे वळू. पुढचे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. समजा, एका स्लॅबच्या घराला आहे त्या स्थितीत २८ लाख रुपये येतात. मालकाने ४ लाख खर्चून फरशी, ओटा, न्हाणीघर, रंग असे सगळे नवे केले आणि मग घर ३१ लाखांना गेले. लोक म्हणतात, "पाहा, ३ लाख जास्त आले!" पण खर्च ४ लाखांचा आहे. शिवाय कामाला पाच महिने लागले. ते २८ लाख पाच महिने आधी हाती येऊन सालीना ६ टक्के व्याजाने ठेवले असते, तर ७० हजार मिळाले असते. म्हणजे १ लाख ७० हजारांचा तोटा झाला, आणि मिस्त्रीच्या मागे फिरण्याची दगदग वेगळीच.

आता त्याच घराचे दुसरे चित्र पाहा. स्लॅब एका कोपऱ्यात गळतो. दुरुस्तीला ४५ हजार लागतात आणि एक महिना जातो. दुरुस्ती केली नाही तर घेणारा ह्या गळतीपायी दीड लाख कमी करून मागतो. दुरुस्ती केल्यास ४५ हजार खर्च आणि महिन्याचे १४ हजार व्याज वजा जाऊन ९१ हजार मालकाच्या पदरात पडतात. घर तेच, मालक तोच. पण एक काम बुडीत गेले आणि दुसरे दुपटीने परत आले. असे का व्हावे?

ह्याचे उत्तर अर्थशास्त्रात चांगले सापडते. जॉर्ज अकरलॉफ ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. २००१ साली नोबेल पारितोषिकाचे जे तीन मानकरी ठरले त्यांत तो होता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: विकणाऱ्याला मोटारीचे गुणदोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा प्रत्येकच मोटार बिघडलेली असू शकेल असे धरून भाव पाडतो. त्यामुळे चांगल्या मोटारीच्या मालकालाही पडता भाव मिळतो आणि तो बाजारातून निघून जातो. घराचे तेच आहे. भिंतीवर ओल दिसली की घेणारा ४५ हजारांचा विचार करीत नाही. तो म्हणतो, "स्लॅबची सळई तर गंजली नसेल? आणखी कुठे काय असेल कोण जाणे!" तो वजा करतो ती दुरुस्तीची किंमत नसते, आपल्या धास्तीची असते. आणि धास्ती नेहमी दुरुस्तीपेक्षा महाग असते.

ह्यातून एक साधा नियम निघतो. जे काम घेणाऱ्याच्या मनातली धास्ती घालवते ते करावे. जे काम केवळ आवडीनिवडीचे आहे ते त्याच्यावर सोपवावे. गळती, ओल, उधई, उघडी पडलेली वायर, तुंबणारे नळ, न लागणारी दारे ही धास्तीची कामे. फरशीचा रंग, ओट्याचा दगड, कपाटे, छताची नक्षी ही आवडीची कामे. तुम्ही हौसेने हिरवी फरशी लावाल आणि घेणारीण बाई पहिल्याच दिवशी म्हणेल, "ही आधी काढा." मग तुमचेही पैसे गेले आणि तिचेही. अमेरिकेत अशा कामांचा खर्च आणि त्यामुळे वाढलेली किंमत ह्यांची तुलना दरवर्षी प्रसिद्ध होते. तिथेही बहुतेक मोठ्या नूतनीकरणाचा पैसा पुरता परत येत नाही, आणि दरवाजा बदलण्यासारखी थोडक्यातली, बाहेरून दिसणारी कामे यादीत वर असतात. देश वेगळा, घरे वेगळी. पण माणसाचा स्वभाव फारसा वेगळा नाही.

साफसफाई मात्र कोणत्याही घराला फळते. अडगळ काढणे, जाळी झाडणे, परसातले रान कापणे, बंद खोल्या उघडून हवा खेळवणे आणि एक साधा पांढरा हात. ह्याला फार पैसा लागत नाही. कवेलूचे घर पावसाळ्यापलीकडे ठेवावे लागणार असेल तर उन्हाळ्यातच कवेलू फेरून घ्यावेत. ही सुधारणा नव्हे, राखण आहे. एक पावसाळा गळक्या छपराखाली गेला की मातीची भिंत बसते, आणि मग जागेखेरीज विकायला काही उरत नाही.

पण इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. धास्ती घालवणे वेगळे आणि दोष झाकणे वेगळे. "झाकली मूठ सव्वा लाखाची" ही म्हण घराच्या व्यवहारात चालत नाही. १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५५ व्या कलमानुसार, घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही कळू शकणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल, तर तो सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे. मग तो दोष घराचा असो की मालकीहक्काचा. तो दडवणे कायदा कपट मानतो. २०२० सालच्या ऑगस्टअखेर वैनगंगेला मोठा पूर आला आणि गोंदिया-भंडारा भागात नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. अशा एखाद्या घराच्या भिंतीवरची पुराची रेघ रंगाखाली दडवून ते विकणे म्हणजे घेणाऱ्याच्या लेकराबाळांना अंधारात ठेवणे होय. दोष सांगून भाव थोडा उतरवावा. तो सौदा पुढे टिकतो. आणि खरी गोष्ट अशी की, जो माणूस आपण होऊन एक दोष सांगतो त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही घेणाऱ्याचा विश्वास बसतो.

आता सर्वांत महत्त्वाच्या डागडुजीकडे येऊ. ती भिंतींची नाही, कागदांची आहे. घर पाहून पसंत पडते, भाव ठरतो, बयाणा द्यायची वेळ येते आणि तेव्हा कळते की कागद अजून आजोबांच्याच नावाने आहे. मग गिऱ्हाईक दोन महिने थांबते आणि तिसऱ्या महिन्यात दुसरे घर घेते. कागदातला घोळ ही धास्तीतली सर्वांत मोठी धास्ती. म्हणून मिस्त्रीला बोलावण्याआधी कागदांची पिशवी उघडावी. शहरात आखीव पत्रिका आणि घरटॅक्सची पावती, खेड्यात ग्रामपंचायतीचा नमुना ८, बांधकामाचा मंजूर नकाशा, जुनी रजिस्ट्री हे सगळे कोणाच्या नावाने आहे ते पाहावे. वारसांची नोंद करून घ्यावी. हद्दीविषयी शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. गावठाणातल्या घरांसाठी २०२० सालच्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. तिच्यात ड्रोनने मोजणी होऊन मालमत्तेची पत्रिका मिळते. आपल्या गावची पत्रिका निघाली आहे का, हे विचारावे.

आपल्या भागात आणखी दोन गोष्टी आवर्जून तपासाव्या लागतात. एक म्हणजे नझूल. ही सरकारी मालकीची, पट्ट्याने दिलेली जागा. नागपूर आणि अमरावती विभागांतल्या शहरांत ती जुन्या मध्यप्रांताच्या काळापासून चालत आलेली आहे. घर तुमचे असले तरी खालची जमीन पट्ट्याची असू शकते. पट्ट्याची मुदत आहे का, विक्रीला परवानगी लागते का, हे आधी कळले पाहिजे. तसेच कागदावर भोगवटादार वर्ग २ असा शेरा असेल तरी परवानगीचा प्रश्न येतो. दुसरी गोष्ट, आदिवासी बांधवांची जमीन बिगर-आदिवासीला विकण्यावर कायद्याने निर्बंध आहेत आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवरच्या मंजुरीवाचून तसा व्यवहार टिकत नाही. ह्या बाबी निकालात निघाल्याशिवाय घरावर एक रुपयाही खर्च करू नये. कारण विक्रीच अडली तर केलेली डागडुजी पुन्हा दोन पावसाळ्यांत धुऊन जाते.

घेणारा कर्ज काढणार असेल तर कागदांचे महत्त्व दुप्पट होते. बँकेचा मूल्यमापक येऊन घर पाहतो आणि आपली किंमत ठरवतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात त्या किंमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के कर्ज देता येते, त्यावरच्या कर्जांना ही मर्यादा आणखी कमी आहे. मूल्यमापक जागा, बांधकामाचे वय, मजबुती आणि मंजूर नकाशा पाहतो. नव्या पडद्यांनी तो भुलत नाही. मंजुरीवाचून वाढवलेली खोली मात्र त्याच्या नजरेतून सुटत नाही.

कराचीही थोडी माहिती हवी. दोन वर्षांहून अधिक काळ मालकीचे असलेले घर विकून जो नफा होतो तो दीर्घ मुदतीचा भांडवली नफा. घर वारसाने आले असेल तर आधीच्या मालकाचा काळही त्यात धरतात. २३ जुलै २०२४ पासून ह्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. त्या तारखेच्या आधी मिळवलेल्या घराच्या बाबतीत भारतात राहणाऱ्या व्यक्तीला महागाईचा निर्देशांक लावून २० टक्के, ह्या जुन्या पद्धतीनेही कर काढता येतो. दोहोंत जो कमी तो. आपल्या विषयाशी संबंध येतो तो असा: नवी खोली, नवा स्लॅब अशा टिकाऊ सुधारणेचा खर्च नफ्यातून वजा होतो, नेहमीच्या डागडुजीचा आणि रंगाचा होत नाही. आणि १ एप्रिल २००१ पूर्वीच्या सुधारणा वेगळ्या धरीत नाहीत. म्हणून मोठ्या कामाच्या पक्क्या पावत्या जपून ठेवाव्यात. ठराविक मुदतीत दुसरे घर घेतले किंवा बांधले तर करात सूट आहे. पण त्याचे तपशील जाणकाराला विचारूनच पाऊल टाकावे.

ह्या सगळ्यात एक गोष्ट पैशाहूनही नाजूक आहे. घर अनेकांचे असते, पण दुरुस्ती करवून घेणारा एकच असतो. बहुधा गोंदियात राहणारा भाऊ. तो स्वतःच्या खिशातून दोन लाख घालतो. घर विकल्यावर तो म्हणतो, "आधी माझे दोन लाख द्या, मग वाटणी करू." पुण्याचा भाऊ म्हणतो, "तुला खर्च करायला सांगितलं कुणी?" आणि ज्या घराच्या ओसरीवर दोघे एका ताटात जेवले, त्याच घराच्या रंगाच्या खर्चावरून त्यांचे बोलणे बंद होते. हे टाळणे अगदी सोपे आहे. काम सुरू होण्यापूर्वी एका कागदावर लिहावे: काय काम, जास्तीत जास्त किती खर्च, कोण घालणार, आणि विक्रीतून तो आधी फिटणार की नाही. खाली सर्वांच्या सह्या. त्या सर्वांत बहिणीही आल्या. हिंदू कुटुंबात २००५ सालच्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीलाही मुलाइतकाच हक्क दिलेला आहे, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ अधिक स्पष्ट केला आहे. "ताई काही म्हणणार नाही" असे गृहीत धरून केलेला सौदा रजिस्ट्रीच्या टेबलापाशी अडतो. आणि ताईने हक्क सोडायचे ठरवलेच, तर तो तिच्या खुशीचा, नोंदलेल्या हक्कसोडपत्राचा विषय आहे. गृहीत धरण्याचा नव्हे.

शेवटी वेळेविषयी दोन शब्द. आपला जिल्हा धानाचा. खेड्यापाड्यातले घर किंवा जागा घेणाऱ्याच्या हाती पैसा येतो तो धान विकून चुकारे मिळाल्यावर. पावसाळ्यात घर गळके दिसते आणि खिसेही रिकामे असतात. तेव्हा कागद पावसाळ्यात तयार करावेत, साफसफाई दसऱ्याच्या सुमारास करावी आणि घर दाखवायला काढावे ते थंडीत. नोकरदार मात्र मुलांच्या शाळा पाहून, उन्हाळ्याच्या तोंडावर घर शोधतो. स्लॅबच्या घरासाठी तो हंगाम सोडू नये.

तर श्रोतेहो, डागडुजी करावी का, ह्या प्रश्नाला सरसकट हो किंवा नाही असे उत्तर नाही. घेणारा जागा घेणार असेल तर भिंतींवर खर्च करू नका. तो राहायला येणार असेल तर गळती थांबवा, वायरी नीट करा, आणि फरशीची निवड त्याच्यावर सोडा. दोन जाणत्या माणसांकडून घराचा आजचा भाव आणि दुरुस्तीनंतरचा भाव असे दोन्ही विचारून घ्या, मिस्त्रीकडून खर्चाचा लेखी अंदाज घ्या, वेळेचे व्याज धरा आणि वजाबाकी करा. वजाबाकी उलटी निघाली तर कुलूप उघडा, घर झाडून घ्या आणि आहे तसे विका. त्यात कमीपणा काही नाही. घराची शोभा आपण तिथे राहिलो त्यात होती, ती रंगाच्या डब्यातून विकत मिळत नाही. आणि ती घेणाऱ्याला विकायचीही नसते. ती ज्याची त्याने बरोबर न्यावी.